वैशाखात वाहणारी कुंडलिका

मे महिन्यात रायगड जिल्ह्यातून फिरताना नद्यांकडे पाहवत नाही. पात्रात पांढरे पडलेले धोंडे, मधूनच एखादा शेवाळलेला डोह, डोहात बसलेल्या म्हशी आणि कडेला वाळूत उकरलेले पाण्याचे डवरे. पावसाळ्यात आभाळ फाटल्यासारखा पाऊस झेलणारी ही जमीन वैशाखात ठणठणीत कोरडी असते. अपवाद एकट्या कुंडलिकेचा. मुंबई-गोवा महामार्गावर कोलाडला थांबून पाहिलं तर नदी वाहती दिसते. सकाळी वरून पाणी सुटलं की तिला एवढी ओढ येते की रबरी होड्यांतून वल्ही मारायला मुंबई-पुण्याची तरुण मंडळी इथे झुंडीने येतात. भर उन्हाळ्यात फेसाळत धावणारी नदी ही कोकणात नवलाचीच गोष्ट.

हे पाणी मुळात कुंडलिकेचं नव्हे. सह्याद्रीच्या पलीकडे, पुणे जिल्ह्यात, मुळशीला टाटांचं धरण आहे. घाटमाथ्यावरचा पाऊस त्यात साठतो. धरण नसतं तर हे पाणी मुळेतून पुण्याकडे, तिथून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात गेलं असतं. त्याऐवजी ते बोगद्यातून पश्चिमेला वळवतात. डोंगराच्या धारेवरून पोलादी नळांतून ते सुमारे पाचशे मीटर खाली येतं, माणगाव तालुक्यातल्या भिऱ्याच्या वीजघरात चाकं फिरवतं आणि मग कुंडलिकेला मिळतं. १९२७ पासून हे असंच चालू आहे.

रायगडच्या किनारपट्टीवर उद्योगाचा वारसा सांगणारं संग्रहालय कुठे आहे असं कोणी विचारलं, तर मी या नदीकडेच बोट दाखवीन. भिऱ्यापासून रेवदंड्याच्या खाडीपर्यंत शंभर वर्षांचा औद्योगिक इतिहास तिच्या दोन्ही काठांवर ओळीने मांडलेला आहे. पण तो समजावून सांगणारं कोणी नाही. फलक नाही, नकाशा नाही, जुनं यंत्र हात लावून पाहता येईल अशी एक खोली नाही. रोह्याच्या शाळेतल्या मुलाला इंग्लंडमधल्या वाफेच्या इंजिनाबद्दल पाठ्यपुस्तकातून कळतं, आणि आपल्या नदीला उन्हाळ्यात पाणी का असतं हे कळत नाही. मला हे मनापासून खटकतं, म्हणून हा लेख.

गोष्टीची सुरुवात कुंडलिकेच्या उत्तरेला, पाताळगंगेच्या काठी खोपोलीत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत. कोळसा दुरून आणावा लागे, महाग पडे, आणि धुराड्यांचा धूर परळ-लालबागच्या चाळींवर बसे. घाटमाथ्यावर पडणारा प्रचंड पाऊस अडवून, तो कोकणात पाडून वीज करावी आणि ती मुंबईला न्यावी, ही कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग यांनी जमशेटजी टाटांपुढे मांडली. जमशेटजी १९०४ साली गेले. पुढे १९१० मध्ये कंपनी उभी राहिली, तिला देशी संस्थानिकांनी आणि व्यापाऱ्यांनी भांडवल दिलं. १९११ च्या फेब्रुवारीत लोणावळ्याला धरणाची पायाभरणी झाली आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. वळवण, लोणावळा आणि शिरवटा या तलावांचं पाणी बोरघाटाच्या उतारावरून खाली येत होतं. भारतात जलविद्युत त्याआधीही होती. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगला १८९७ मध्ये आणि कावेरीवर शिवनसमुद्रला १९०२ मध्ये वीज तयार झाली होती. पण एका अख्ख्या औद्योगिक शहराची चाकं दूरच्या पाण्यावर फिरवायची, हा आवाका नवा होता.

खोपोलीनंतर १९२२ मध्ये कर्जतजवळ भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. तिन्ही वीजघरं आजच्या रायगड जिल्ह्यात, तिन्हींचं पाणी घाटावरचं, आणि तिन्हींची वीज मुंबईकडे गेली. तिन्ही ठिकाणी वीज करून झाल्यावर उरलेल्या पाण्याने खालच्या नद्यांचं रूप बदललं. भिवपुरीच्या पाण्याने उल्हास बारमाही झाली आणि तिच्या काठी बदलापूर-उल्हासनगरसारखी शहरं वाढली. खोपोलीच्या पाण्याने पाताळगंगा बारमाही झाली, म्हणून स्वातंत्र्यानंतर रसायनीचा पट्टा तिच्या काठी उभा राहू शकला. भिऱ्याच्या पाण्यावर कोलाड आणि रोहे. कारखान्याला जागा कुठेही मिळते, बारा महिने वाहणारं गोडं पाणी मिळत नाही. उत्तर रायगडात कारखाने अमुकच जागी का आले हे समजून घ्यायचं असेल तर या तीन वीजघरांचा नकाशा पुढ्यात घ्यावा लागतो.

कोलाडहून सुतारवाडी, रवाळजे, पाटणूस करत भिऱ्याकडे जाताना डोंगर हळूहळू दोन्ही बाजूंनी जवळ येतात. दरी इथे इतकी बंद आहे की उन्हाळ्यात वारा हलत नाही. मार्च २०१७ मध्ये भिऱ्याला ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली, तेव्हा वीजघराच्या या आडगावाचं नाव देशभरच्या बातम्यांत आलं. एरवी ते माहीत असतं देवकुंड धबधब्याला जाणाऱ्यांना. त्यांची वाट इथूनच सुटते. गाड्या लावून पोरं पाठीला पिशव्या अडकवून निघतात, आणि डोंगरावरून सरळ रेषेत उतरलेल्या त्या जाडजूड नळांकडे क्वचितच कोणी मान वर करून बघतं.

मी मात्र ते नळच पाहायला गेले होते. वीजघर चालू आहे, त्यामुळे आत जायला परवानगी लागते आणि तसंच असायला हवं. पण बाहेर उभं राहूनही त्या उताराचा अंदाज येतो. वर टोकाला नळ बारीक दिसतात, खाली येताना रुंद होत जातात. हा अर्थात नजरेचा खेळ. प्रत्यक्षात पाण्याचा दाब वाढत जातो तसा नळाचा पोलादी पत्रा खाली अधिक जाड लागतो. पाचशे मीटर पाण्याचा स्तंभ तळाशी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पन्नास किलोचा दाब टाकतो. त्या दाबाखालचं पाणी अरुंद तोटीतून सोडलं की त्याचा वेग ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जातो.

एवढ्या उंचीवरून येणाऱ्या पाण्यासाठी पेल्टन चाक वापरतात. कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींत काम करणाऱ्या लेस्टर पेल्टनने १८८० च्या सुमारास ते सिद्ध केलं. चाकाच्या परिघावर दोन वाट्या शेजारी शेजारी जोडाव्यात तशी पोलादी पात्रं बसवलेली असतात आणि दोन वाट्यांच्या मधोमध एक धारदार कणा असतो. पाण्याची धार बरोबर त्या कण्यावर आदळते, दुभंगते, दोन्ही बाजूंच्या वाट्यांतून वळून जवळजवळ उलट्या दिशेला फेकली जाते. धारेचा सगळा जोर चाकाला देऊन टाकल्यामुळे बाहेर पडणारं पाणी अगदी मवाळ होऊन खाली पडतं. कण्याची धार बोथट झाली की चाकाची ताकद घटते. पाण्याबरोबर आलेली बारीक वाळू पोलाद खरवडत राहते, म्हणून ही पात्रं वेळोवेळी तपासावी लागतात, झीज वेल्डिंगने भरून पुन्हा घासून घ्यावी लागते. असं एक झिजलेलं पात्र हाताने चाचपून पाहिलं तर पाणी पोलादाचं काय करतं हे जन्मभर लक्षात राहील. जुन्या वीजघरांत यंत्रं बदलली जातात. खोपोलीतही पहिल्या यंत्रांच्या जागी पुढे नवी आली. अशा काढलेल्या चाकांपैकी एखादं तरी लोकांना पाहायला मिळायला हवं.

आणखी एक हिशेब इथे उभं राहून करावासा वाटतो. एक हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली आलं की त्यातून साधारण सव्वा युनिट वीज मिळते. भिऱ्याच्या जुन्या वीजघराची क्षमता २५ मेगावॉटच्या सहा संचांची, म्हणजे १५० मेगावॉट. सगळे संच पूर्ण जोराने चालले तर सेकंदाला तीस-पस्तीस हजार लिटर पाणी नदीत उतरतं. पुढे इथेच १५० मेगावॉटचा आणखी एक संच बसवला गेला, तो गरज नसेल तेव्हा खालचं पाणी पुन्हा वर चढवू शकतो आणि मागणी वाढली की तेच पाणी सोडून वीज करतो. शिवाय वीजघरातून सुटलेलं पाणी खाली पुन्हा अडवून सरकारने १९८० च्या दशकात ८० मेगावॉटचं स्वतंत्र वीजघर उभारलं. म्हणजे नदीत पोचण्याआधी तेच पाणी दोनदा कामाला लागतं. मग डोलवहाळच्या बंधाऱ्यावर तिसऱ्यांदा. तिथून निघालेल्या कालव्यांवर माणगाव आणि रोहा तालुक्यांत उन्हाळी भात होतं. एप्रिलमध्ये कोकणात हिरवीगार भातशेती दिसली तर समजावं, हे भिऱ्याहून आलेलं पाणी.

आता याच पाण्याची दुसरी बाजू. ती सांगितल्याशिवाय भिऱ्याचं वर्णन करणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

मुळशीचं धरण बांधायचं ठरलं तेव्हा पन्नासहून अधिक गावं आणि सुमारे अकरा हजार मावळे त्याखाली जाणार होते. लोकांना धड पूर्वसूचना न देता शेतांत चाचणीचे चर खणले गेले आणि तिथे ठिणगी पडली. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. आपल्या भातखाचरांत उतरलेले मावळे, त्यांच्या बायका, पुण्याहून आलेले कार्यकर्ते कामाच्या जागी ठाण मांडून बसले. पारनेरचे पांडुरंग महादेव बापट याच लढ्यात सेनापती झाले. विनायकराव भुस्कुटे हे दुसरं मोठं नाव. लढा तीन वर्षांहून जास्त चालला. त्याचा शेवट होता होता बापटांनी १९२४ च्या डिसेंबरात रुळांवर धोंडे रचून धरणाच्या कामाची गाडी अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली.

धरण झालंच. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला, त्यातून लढा का फुटला हेही स्पष्ट दिसतं. जमिनीचे मालक असलेले सावकार आणि ती कसणारे मावळे यांचं हित एक नव्हतं. सावकारांना मोबदला चांगला मिळाला की पुरे होतं. मावळ्याला मोबदल्याने पोट भरता येणार नव्हतं, त्याला जमीनच हवी होती. कंपनी आणि सरकार यांनी ही फट नेमकी ओळखली. शंभर वर्षांनंतर आजही कुठल्याही प्रकल्पाच्या भूसंपादनात हीच फट पडताना आपण पाहतो. धरणाविरुद्ध संघटित झालेला जगातला बहुधा पहिला लढा आपल्या मावळात झाला, हे महाराष्ट्राने अभिमानाने सांगायला हवं होतं. आपण बापटांचं नाव रस्त्यांना दिलं. मुंबईत दादर-लोअर परळच्या गिरण्यांच्या कडेने जाणारा मोठा रस्ता सेनापती बापट मार्ग आहे. ज्या गिरण्यांना घाटावरच्या पाण्याची वीज हवी होती, त्यांच्याच दारातून तो जातो. त्या रस्त्याने रोज कामाला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हा धागा माहीत असेल, आणि त्यात त्यांचा दोष नाही. तो सांगणारी जागाच आपण उभी केली नाही.

वीज मुंबईत आली म्हणून रायगडच्या किनाऱ्याला मिळालेली एक वास्तू मात्र आजही धडधाकट आहे. अलिबागची चुंबकीय वेधशाळा. मुंबईत कुलाब्याला १८२६ साली वेधशाळा सुरू झाली आणि १८४० च्या दशकापासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड वादळाने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हादरलं, त्याची सर्वांत मोलाची नोंद कुलाब्याची मानतात. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या तारांतून आणि रुळांतून वाहणारा प्रवाह या नाजूक सुयांना भरकटवणार हे उघड होतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी खाडीपलीकडचं अलिबाग निवडलं. भिंतींना पोरबंदरचा दगड वापरला, कारण त्यात चुंबकीय गुण नाहीत. बांधकामात लोखंड येऊ दिलं नाही. १९०४ साली अलिबागला नोंदी सुरू झाल्या.

मूस यांची थोरवी त्यांनी पुढची दोन वर्षं काय केलं त्यात आहे. अलिबाग सुरू झाल्याबरोबर त्यांनी कुलाबा बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे दोन जागांमधला फरक नेमका कळावा आणि जुनी मालिका नव्या मालिकेला सांधता यावी. त्यामुळेच दीडशेहून अधिक वर्षांची अखंड मालिका आज आपल्याकडे आहे, आणि जगात अशा मालिका मोजक्याच आहेत. नव्या गोष्टीसाठी जुनी सोडताना दोन्ही काही काळ सोबत चालवाव्यात, नोंद तुटू देऊ नये, ही शिस्त उद्योगाने पाळली असती तर आज खोपोलीचं पहिलं चाक आपल्याला कुठेतरी दिसलं असतं.

भिऱ्याचं पाणी घेऊन कुंडलिका रोह्याला येते. नदीच्या एका तीरावर रोहे, दुसऱ्या तीरावर अष्टमी. धावीर महाराजांचं हे गाव. चिंतामणराव देशमुखांचं घराणं इथलं, पांडुरंगशास्त्री आठवलेंचा जन्म इथला. कोकण रेल्वे अधिकृतपणे सुरू होते तीही इथूनच. गावाला लागून धाटावची औद्योगिक वसाहत आहे. रंग, औषधं, रसायनं. वाऱ्याची दिशा बदलली की गावात वास कळतो. या वसाहतीने रोह्याच्या दोन पिढ्यांना नोकऱ्या दिल्या, खेड्यातली मुलं शिफ्टला जाऊ लागली, घरं पक्की झाली. नदीच्या खालच्या अंगाला खाडीत जाळं टाकणारा कोळी याच वसाहतीकडे बोट दाखवून मासळी गेल्याचं सांगतो. ही दोन्ही माणसं खरं बोलत आहेत. त्यांना समोरासमोर बसवणारा कागदोपत्री पुरावा, म्हणजे पाण्याच्या तपासण्या, जुनी मासळीची आवक, कारखान्यांच्या नोंदी, एका छताखाली कुठेच नाही.

आणखी खाली साळावला लोखंडाचा कारखाना, समोर रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटाच्या पडक्या भिंती, आणि मग समुद्र. लाकूडफाटा, कोळसा आणि भात भरून मुंबईला जाणारी गलबतं एके काळी या खाडीतून सुटत. आता बार्ज दिसतात.

नॉर्वेत रयुकान नावाचं गाव आहे. भिऱ्यासारखीच अरुंद दरी, डोंगरावरून उतरलेले तसेच नळ, आणि तळाशी वेमोर्कचं वीजघर. ते १९११ मध्ये सुरू झालं तेव्हा जगातलं सर्वांत मोठं होतं. तिथल्या विजेवर खताचा कारखाना चालला. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात असताना तिथे तयार होणारं जड पाणी त्यांना मिळू नये म्हणून नॉर्वेच्या कमांडोंनी ते तयार करणारी यंत्रणा उडवली. वीजघर बंद झाल्यावर १९८८ मध्ये त्या इमारतीत संग्रहालय उघडलं. त्याच्या नावातच औद्योगिक कामगार आहे. यंत्रांच्या शेजारी कामगारांच्या संघटना, संप आणि घरं यांना तिथे तेवढीच जागा मिळाली. २०१५ मध्ये तो सगळा परिसर जागतिक वारसा यादीत गेला. आपल्याकडे घाटातल्या वीजघरांची गोष्ट त्याहून लहान नाही. तिच्यात सत्याग्रहसुद्धा आहे.

हे आत्ताच का म्हणायचं, तर दोन कारणांसाठी. पहिलं, पुणे आणि सोलापूरकडून गेली काही वर्षं मागणी होते आहे की टाटांच्या धरणांतलं पाणी कोकणात सोडून वीज करण्याऐवजी ते भीमा खोऱ्याला द्यावं. दुष्काळात होरपळणाऱ्या माणसाच्या तोंडून ही मागणी ऐकली तर ती चुकीची म्हणता येत नाही. पण त्यातलं किती पाणी वळवायचं हे ठरवताना रोह्याचा भात, धाटावचे कारखाने, कोलाडच्या होड्या आणि नदीकाठच्या गावांचं पिण्याचं पाणी यांचाही हिशेब मांडावा लागेल. हा वाद पुढे जेव्हा निकराला येईल तेव्हा रायगडच्या लोकांना आपली बाजू आकड्यांनी मांडता आली पाहिजे, आणि पलीकडची बाजू, त्यातही बुडालेल्या मावळ्यांची, समजून घेता आली पाहिजे. दुसरं कारण साधं आहे. २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि राज्य सरकार यांच्यात पाणी वर-खाली करून वीज साठवणाऱ्या मोठ्या प्रकल्पांचा करार झाला. भिवपुरीला १००० मेगावॉट, शिरवट्याला १८०० मेगावॉट. सौरऊर्जेच्या काळात असे प्रकल्प लागणारच आहेत. मात्र नवी खोदाई सुरू झाली की जुने नकाशे, जुनी अवजारं, जुन्या कोठारांतल्या वह्या यांचं काय होतं हे आपण मुंबईच्या गिरण्यांत पाहिलं आहे. गिरण्या पाडून झाल्यावर काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं ठरलं. तोवर बहुतेक यंत्रं भंगारात गेली होती.

माझ्या मते जागा रोह्यातच हवी. भिरा चालू वीजघर आहे, तिथे गर्दी नको. रोह्याला रेल्वे आहे, नदीचा काठ आहे, शाळा-कॉलेजं आहेत, आणि ज्यांच्या जगण्याशी या पाण्याचा रोजचा संबंध आहे ती माणसं आहेत. सरकारी गोदामासारखी एखादी जुनी दणकट इमारत पुरेल. दालनात शिरल्यावर आधी मुळशीच्या बुडालेल्या गावांची नावं वाचायला मिळावीत, एकेक करून, आणि त्यानंतर यंत्र दिसावं. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. शेजारी कातकऱ्यांच्या कोळशाच्या भट्ट्या, आगऱ्यांची मिठागरं, खाडीतली गलबतं यांनाही जागा असावी, कारण वीज येण्याआधीही या किनाऱ्याने मुंबईला इंधन, मीठ आणि अन्न पुरवलंच होतं.

इमारत मिळायला वेळ लागेल, निधीची वाटाघाटही लांबेल. एक काम मात्र थांबू शकत नाही. वीजघरांच्या वसाहतींतून निवृत्त झालेले ऑपरेटर, फिटर, लाइनमन आज सत्तरी-ऐंशीत आहेत. नळातल्या आवाजावरून यंत्राचं दुखणं ओळखणारी ही पिढी. मुळशीच्या तलावाकाठी वर सरकलेल्या गावांतल्या म्हाताऱ्यांना आजोबांच्या तोंडून ऐकलेली सत्याग्रहाची हकिगत अजून आठवते. ट्रंकांत जुनी हजेरीपत्रकं असतील, मोबदल्याच्या पावत्या असतील, कोणाकडे एखादा गटफोटो असेल. रोहा, माणगाव आणि मुळशी या तीन तालुक्यांतल्या कॉलेजांनी आपल्या इतिहासाच्या आणि भौतिकशास्त्राच्या मुलांना एक रेकॉर्डर देऊन या दिवाळीच्या सुट्टीतच त्यांच्याकडे पाठवावं. फोटोमागे नावं लिहून घ्यावीत, कागदांच्या प्रती काढाव्यात आणि मूळ कागद ज्याचा त्याला परत करावा.